वकीलबाईंना विचारा : हेल्मेट नेमकं कधी मारलं?

पावसाळा सरून पर्यटकांच्या गाड्या वाढल्या की माझ्या टपालात रस्त्यावरची भांडणंही वाढतात. यंदा तर जमिनीच्या वाटणीची पत्रं मागे पडली. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं गाळली आहेत. शिव्याही गाळल्या आहेत, त्या तुम्हाला माहीतच आहेत.

प्रश्न : ताई, मी कुर्टीचा. पणजीला एका दुकानात हिशेब लिहायला जातो. संध्याकाळी स्कूटरने परत येताना भोमला, जिथे रस्ता घरांच्या मधून जातो तिथे, समोरून आलेल्या परराज्यातल्या गाडीच्या आरशाला माझं हँडल घासलं. आरसा फुटला नाही, नुसता मुडपला. दोघे उतरले. एकाने आईवरून शिव्या दिल्या, स्कूटरची चावी काढून घेतली आणि माझ्या कानाखाली वाजवली. मग तो गाडीकडे वळला. दुसरा डिकी उघडत होता. मी हातातलं हेल्मेट त्या पहिल्याच्या तोंडावर मारलं, पुढचा दात पडला. आता त्याच्यावरही गुन्हा आणि माझ्यावरही. वाड्यावर सगळे म्हणतात, सेल्फ डिफेन्स आहे, काय होत नाही. खरं का?

उत्तर : वाड्यावरचे अर्धं बरोबर सांगतात. स्वसंरक्षणाच्या हक्कात राहून केलेली कृती गुन्हाच नाही, असं भारतीय न्याय संहितेचं कलम 34 म्हणतं. शिक्षा कमी होते असं नव्हे, गुन्हाच नाही. जुन्या दंड संहितेत हा सगळा विषय 96 ते 106 या कलमांत होता, 1 जुलै 2024 पासून तो 34 ते 44 मध्ये आला. आकडे बदलले, गाभा तोच राहिला.

उरलेलं अर्धं वाड्यावर कोणी सांगत नाही. ही सुटका पोलीस स्थानकात मिळत नाही. समोरच्याचा दात पडलाय म्हटल्यावर उपनिरीक्षक तुमची फिर्याद घेईल आणि त्याचीही घेईल. स्वसंरक्षण होतं की नव्हतं ते न्यायालय बघेल. आणि ते दाखवायची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 108 प्रमाणे तुमच्यावर आहे. घाबरू नका, सरकार पक्षाला जितकं पक्कं सिद्ध करावं लागतं तितकं तुम्हाला नाही. तुम्ही म्हणता तसं घडलं असण्याचा संभव जास्त, एवढं न्यायाधीशांना पटलं तरी पुरे. त्यासाठी स्वतःचा साक्षीदार आणायलाच हवा असंही नाही. त्यांच्याच साक्षीदारांच्या उलटतपासणीतून ते निघू शकतं.

आता तुमच्या पत्राकडे येते. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी एकाच जागी अडखळले. ‘मग तो गाडीकडे वळला,’ असं तुम्ही लिहिता आणि लगेच त्याचा पुढचा दात पाडता. पाठ फिरवलेल्या माणसाचा पुढचा दात कसा पडतो? मी बरीच वर्षं सरकारी वकील होते. हाच प्रश्न मी तुम्हाला पहिल्यांदा विचारला असता आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभी राहिले असते.

तो परत तुमच्याकडे फिरला होता का? डिकी उघडणाऱ्या जोडीदाराने त्याच्या हातात काही दिलं का? तो पुन्हा हात उगारून आला का? तसं असेल तर तुमची बाजू पत्रात दिसते त्याहून बरीच भक्कम आहे, तुम्हीच ती लपवून ठेवली आहे. की तो चालला होता, तुम्ही मागून ‘चावी दे’ म्हणून खांदा धरून त्याला फिरवलंत आणि हेल्मेट घातलंत? तर मग कठीण आहे. न्याय संहितेच्या कलम 40 प्रमाणे हा हक्क धोक्याची वाजवी भीती वाटली की सुरू होतो, प्रत्यक्ष फटका बसायची वाट बघावी लागत नाही. ती भीती असते तोवर तो टिकतो, आणि ती संपली की तोही संपतो. कानाखाली बसल्याचा राग त्यानंतरही तासभर टिकेल, पण रागासाठी दुसरं कलम आहे. एकाएकी आणि गंभीर चिथावणीमुळे साधी दुखापत केली तर कलम 122 खाली शिक्षा हलकी होते. तिथे गुन्हा मात्र राहतोच.

तुमच्या वकिलासमोर बसाल तेव्हा ते अर्धं मिनिट त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगा. आरसा घासला, यात चूक कोणाची याला स्वसंरक्षणात काडीची किंमत नाही. निम्मी भांडणं लोक ‘पण चूक त्याची होती’ या एका वाक्यावर लढतात, आणि न्यायाधीश ते ऐकून घेऊन पुढे जातात. शिव्या दिल्या तो कलम 352 खाली त्याचा गुन्हा होऊ शकतो, पण शिवीवर हात उचलायचा हक्क कायदा देत नाही. कलम 35 शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आहे, आईच्या नावासाठी नाही. मलाही हे फारसं आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

चावी ही तुमच्या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट. चावी काढून माणसाला रस्त्यात उभं करणं म्हणजे अन्यायाने अडवणं, कलम 126. हा दखलपात्र गुन्हा आहे आणि शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांतच मोडतो. म्हणजे तो वळला तरी चावी त्याच्या मुठीत असेतोवर तुमची अडवणूक चालूच होती. मूठ उघडायला, हात पिरगाळायला, धक्का द्यायला वाव आहे. पण कलम 37 सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि चावी मुठीत होती, तोंडात नव्हती.

दाताचं वजन तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. कलम 116 मध्ये गंभीर दुखापतीची यादी आहे. हाड किंवा दात मोडणं वा निखळणं त्यात आहे. साध्या दुखापतीला कलम 115 खाली 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड. दात गेला की कलम 117, 7 वर्षांपर्यंत. आणि हेल्मेट हे वापरलं त्या पद्धतीने जीव घेऊ शकणारं हत्यार होतं असं कोणी ठरवलं तर कलम 118, तिथे जामिनाचीही मारामार. दंतवैद्याचा दाखला तुमच्या वकिलाने ओळ न ओळ वाचायला हवा. आधीपासून हलणारा दात होता का, हिरडीचा आजार होता का, हे प्रश्न ऐकायला फालतू वाटतात, पण 7 वर्षांचं 1 वर्ष याच प्रश्नांनी होतं.

आणि तुमचं काय? पत्राच्या शेवटी, मी छाटलेल्या भागात, तुम्ही लिहिलंय की कान रात्रभर वाजत होता आणि आईने हळद-तेल लावलं. अहो, त्याच रात्री फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात जायचं होतं. कानाखालच्या फटक्याने पडदा फाटतो. ऐकू येणं कायमचं गेलं तर तीही त्याच 116 च्या यादीतली गंभीर दुखापत. आजही जा, कान तपासून घ्या, मारहाणीतली इजा म्हणून नोंद करायला सांगा. उशीर झाल्याचं ते विचारतील, खरं ते सांगा. इस्पितळाच्या कागदावर त्याचा दात आहे आणि तुमचा कान नाही, या घडीला प्रकरणाचं चित्र हे असं आहे.

सर्वोच्च न्यायालय अशा वेळी तुमच्या बाजूचं बरंच काही बोललेलं आहे. 2010 च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात म्हटलंय की हल्ला होत असताना माणसाने भ्याडासारखं पळ काढावा अशी अपेक्षा नाही, आणि जिवाच्या भीतीत असलेल्याने आपला प्रतिकार मोजूनमापून, पायरीपायरीने करावा असंही नाही. हे वाचून लोकांची छाती फुगते. म्हणून त्याच्या शेजारी 1980 चा योगेंद्र मोरारजींचा निकाल ठेवते. तोही रस्त्यावरचाच. त्यांची गाडी अडवायला आलेल्यांनी दगड मारले, त्यांनी रिव्हॉल्व्हर चालवलं, एकजण मेला. हक्क होता, पण त्याची हद्द ओलांडली, असं न्यायालय म्हणालं. समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जायचं तर सुरक्षितपणे निसटायची वाट उरलेली नसावी, हेही त्याच निकालात आहे. दगडाला गोळी हे प्रमाण बसलं नाही. तुमच्या बाबतीत मोजणार ते कानफटीला हेल्मेट.

‘हाताने मारलं असतं तर काय झालं नसतं,’ असंही कोणी म्हणेल. नवज्योत सिंग सिद्धूंचं प्रकरण आठवा. डिसेंबर 1988, पतियाळा, रस्त्यात गाडी कोणाची पुढे यावरून वाद, हाताचा फटका, 65 वर्षांचा माणूस गेला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1,000 रुपये दंडावर सोडलं. मे 2022 मध्ये फेरविचारात त्याच न्यायालयाने 1 वर्षाची सक्तमजुरी दिली, आणि धडधाकट खेळाडूचा हात हेही हत्यार होऊ शकतं असं सांगितलं. भांडण काही मिनिटांचं, निकाल 33 वर्षांनी.

आता करायचं काय ते. भोमच्या त्या वळणावर कोणाच्या दुकानाला सीसीटीव्ही असेल तर आजच पोलिसांना लेखी अर्ज द्या की ते चित्रण जप्त करा. बहुतेक यंत्रांत जुनं आपोआप पुसलं जातं. मोबाईलवर कोणी चित्रित केलं असेल तर व्हॉट्सॲपवर फिरून आलेलं नको, मूळ फोनातलं हवं, त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. दोन्ही खटले एकाच न्यायालयापुढे चालावेत म्हणून वकिलाला अर्ज करायला सांगा. समेटाचं म्हणाल तर साधी दुखापत, अडवणूक, शिवीगाळ हे दोघांच्या संमतीने मिटतं, दाताचं न्यायालयाच्या परवानगीने. समोरचा परराज्यातला आहे, त्यालाही तारखांना यायचा कंटाळा येईल, तेव्हा मार्ग निघेल. फक्त स्थानकाच्या आवारात कोणाच्या हातावर पैसे ठेवू नका आणि वकिलाशिवाय कागदावर सही करू नका.

प्रश्न : मी म्हापशाची, रोज पणजीला एकटी गाडी चालवत जाते. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाड्या अडकल्या असताना एका स्कूटरवाल्याने बॉनेटवर थापा मारल्या, वायपर वाकवला, काच खाली कर म्हणून ओरडत राहिला. मैत्रीण म्हणते पेपर स्प्रे ठेव. कायद्याने चालतं का?

उत्तर : ठेवा, त्याला परवाना लागत नाही. पण जरा डोळ्यांसमोर आणा : तो काचेबाहेर, तुम्ही काचेआत. स्प्रे मारायचा तर काच खाली करावी लागणार, म्हणजे तो जे मागतोय तेच तुम्ही देणार. आणि तो फवारा बंद गाडीत तुमच्याच डोळ्यांत.

काच वर, दारं बंद, हॉर्नवर हात, 112 ला फोन. तुमच्या जागी मीही एवढंच करीन. यात भित्रेपणा काही नाही. पोलिसांची मदत मिळवायला वेळ आहे तिथे स्वसंरक्षणाचा हक्क नाही, हे कलम 37 मध्येच आहे, आणि बंद गाडी तो वेळ तुम्हाला देते. वायपर वाकवला ते मालमत्तेचं नुकसान, त्याची फिर्याद द्या, त्यासाठी खाली उतरू नका.

तो दार ओढून तुम्हाला बाहेर खेचायला लागला की मात्र सगळं बदलतं. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, पळवून नेण्याची, ॲसिडची भीती, यांत कलम 38 तुम्हाला हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क देतं. तिथे स्प्रे म्हणजे फारच सभ्य उत्तर झालं. एरवी नुसत्या वादात तो मारलात तर अंगाशी येऊ शकतं. 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटक उच्च न्यायालयाने, एका भांडणात वापरलेला पेपर स्प्रे हे धोकादायक हत्यार मानता येईल असं म्हणत गुन्हा रद्द करायला नकार दिला. तो निकाल गोव्याला बांधील नाही, पण समोरचा वकील तो वाचून दाखवणारच.

प्रश्न : काका म्हणतात गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे, इथे स्वसंरक्षणाचे नियम वेगळे. — मडगाव

उत्तर : लग्न, नवरा-बायकोची मालमत्ता यांत पोर्तुगीज नागरी संहिता चालते. मारामारीत नाही. फौजदारी कायदा इथे तोच जो बेळगावात. काकांना नमस्कार सांगा.

प्रश्न : मी वाळपईचा, पिकअप चालवतो. माझ्याच गाडीखाली कोणी आलं आणि लोक मारायला धावले तर थांबायचं की पळायचं? थांबलं नाही तर हिट अँड रन लागतो म्हणतात.

उत्तर : पत्र वाचून बरं वाटलं, अपघात व्हायच्या आधी विचारलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 चालकाला जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायला सांगतं. पण त्याच कलमात अपवाद आहे : जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर. म्हणजे दगड, दांडे घेऊन लोक येत असतील तर तिथून निघणं हा गुन्हा नाही. सरळ घरी जाणं, गाडी मामाच्या बागायतीत लपवणं, दुसऱ्या दिवशी मालकासोबत उगवणं, यांनी मात्र गुन्हा होतो.

निघा, आणि जे पहिलं पोलीस स्थानक लागेल तिथे गाडी उभी करा. वाटेतच 112 ला सांगा, अमुक ठिकाणी माणूस जखमी आहे, रुग्णवाहिका पाठवा. कायदा 24 तासांपर्यंत मुदत देतो, तुम्ही ती वापरू नका. मदत का केली नाही याचं कारणही तिथे नोंदवायचं आहे, ते कलमातच लिहिलंय. फुटलेली काच, दाराचे पोचे पुसू नका, पंचनाम्यात येऊ द्या.

लोक गाडीसमोर उभे असतील तर? नुसते उभे असतील, ओरडत असतील, तर त्यांच्यावर गाडी घालायचा हक्क कोणी देत नाही. जीव घ्यायलाच उठलेल्या जमावातून सुटताना निरपराधाला इजा व्हायचा धोका पत्करावा लागला तर न्याय संहितेचं कलम 44 आहे, त्याखाली जमावाचंच उदाहरण दिलंय. पण तिथवर जायची पाळी लाखात एकाला येते. पिकअपचं वजन काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रश्न : माझ्या स्कूटरच्या डिकीत कायम कोयता असतो, नारळासाठी. नाक्यावर पोलिसांनी धरलं तर? आणि वेळ आली तर दाखवायला हरकत काय? — पेडणे

उत्तर : निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू शस्त्र कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत येत नाही. बागायतीतून येताय, सोबत नारळ आहेत, तर हवालदार दोन प्रश्न विचारून सोडेल. रात्री एक वाजता कळंगुटला, नारळाशिवाय, तर चार प्रश्न जास्त विचारेल आणि ते बरोबरच आहे.

दाखवायला हरकत आहे, मोठी आहे. हातात धरून ‘येतोस काय’ म्हटलं की ती मारायची धमकी, न्याय संहितेच्या कलम 351 खाली 7 वर्षांपर्यंत. नुसता ओरखडा उठला तरी धारदार हत्याराने दुखापत, कलम 118, 3 वर्षांपर्यंत, आणि ते प्रकरण आपसात मिटवताही येत नाही. शिवाय सीट उचलून, पिशवी बाजूला करून, कोयता काढून परत वळेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात गाडी सुरू करून निघताही आलं असतं, हे समोरचा वकील डिकी उघडायचं नाटक करून न्यायालयात दाखवेल. कोयत्याला गोणपाटाचं वेष्टन घाला, सुतळीने बांधा आणि नारळांच्या तळाशी ठेवा.